तोफेची चकमक-कळ
तोफेच्या कानाजवळ बसविलेली व चकमकीच्या ठिणगीने बार उडविणारी यांत्रिक जुळणी. तीत घोड्याच्या जबड्यात धरलेला चकमकीचा तुकडा पोलादी झडपेवर आपटतो. झडप मागे सरून खालचा प्याला उघडतो आणि ठिणग्या त्यातील रंजकेवर पडतात. तेथील ज्वाला कानातून मुख्य दारूपर्यंत पोहोचते. बंदुकीच्या कळीस बोटाने ओढावयाचा चाप असतो, तर तोफेच्या कळीस दोरी बांधलेली असते. त्यामुळे गोलंदाजास मागे हटणाऱ्या तोफेच्या टप्प्याबाहेर, पण नेमाच्या रेषेत उभे राहता येते. हेलकावणाऱ्या जहाजावर याचे महत्त्व विशेष होते. कारण पेटत्या तोड्याने बत्ती देताना होणाऱ्या अल्प विलंबानेही नेम चुकत असे.

ब्रिटिश नौदलात अशा कळी बसविण्याचा आदेश १७५५ मध्ये निघाला. तथापि त्यांचा वापर लगेच रूढ झाला नाही. चार्ल्स डग्लस या कप्तानाने १७७८ नंतर ‘ड्यूक’ या युद्धनौकेवर स्वखर्चाने बंदुकीच्या कळी तोफांना जोडल्या. वेस्ट इंडीजमधील सेंट्सच्या लढाईत (१२ एप्रिल १७८२) त्यांची उपयुक्तता प्रत्ययास आली. सु. १७९० पासून खास तोफांसाठी घडविलेल्या पितळी कळी प्रचारात आल्या. डग्लसचा मुलगा हॉवर्ड याने सु. १८१८ मध्ये दोन चकमकी असलेली कळ तयार केली. एक चकमक झिजल्यास दुसरी तत्काळ वापरता येई. १८४० नंतर आघाती कळींनी त्यांची जागा घेतली.

अस्सल कळीचा सांगाडा बहुधा पितळी असतो. कारण खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. घासली जाणारी झडप मात्र कठीण केलेल्या पोलादाची असते. ब्रिटिश कळींवर मुकुट, सरकारी मालकीदर्शक बाण किंवा कारागिराचे नाव आढळते. प्याल्याभोवती दारूने खाल्लेले खड्डे आणि हलणाऱ्या भागांच्या संपर्काच्या जागीच झालेली झीज या प्रत्यक्ष वापराच्या खुणा होत.

आधुनिक प्रतिकृती पुष्कळदा जुन्या कळीवरून साचा घेऊन ओतलेली असते. अशा वेळी ठशाने उमटविलेल्या किंवा कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात व साच्याच्या जोडाची रेषा आतील बाजूस राहते. रसायनांनी आणलेला काळसरपणा खाचाखोचांसह सर्वत्र सारखा दिसतो. झडप मऊ धातूची असल्यास ठिणगी पडत नाही. अशी वस्तू केवळ शोभेची होय. स्क्रूंना मेट्रिक आटे असल्यास ते स्क्रू निश्चितच नंतरचे. परंतु दुरुस्तीत स्क्रू बदललेले असू शकतात. पितळेतील जस्ताच्या प्रमाणावरूनही एकट्याने निर्णय करता येत नाही. जुने व नवे भाग एकत्र जोडलेल्या कळीही आढळतात. म्हणून प्रत्येक भाग सुटा तपासून, तोफेवरील बैठकीशी तिचा मेळ पाहून आणि मालकीचा इतिहास जुळवून मगच निष्कर्ष काढणे योग्य ठरते.

मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. अशा नौकांवर प्रदर्शनार्थ प्रतिकृती ठेवणे गैर नाही; मात्र तशी स्पष्ट नोंद हवी. नोंदीअभावी प्रतिकृती अस्सल मानली गेल्यास तोफेचाच इतिहास चुकतो. उलट, अस्सल कळ नकली समजून घासूनपुसून चकचकीत केल्यास तिच्यावरील पुरावा कायमचा नष्ट होतो.