पाते लोहाराचे, म्यान कोणाचे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझी एक छोटीशी भट्टी आहे. निवृत्तीनंतर जडलेला हा छंद. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा आणायचा, तापवून ठोकायचा, कानशीने घासायचा आणि त्यातून स्वयंपाकघरातली सुरी घडवायची. पोलाद लालबुंद होऊन लोहचुंबकाला चिकटेनासे झाले, की ते तेलात बुडवायचे. याला आपल्याकडे ‘पाणी देणे’ म्हणतात. मग पाते इतके कडक होते, की हातून पडले तरी मोडेल. म्हणून पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा.

पहिली सुरी झाली तेव्हा वाटले, काम संपले. चामड्याचा एक तुकडा दुमडला, कडेने शिवला, झाले म्यान! आठच दिवसांत सुरी आत सरकवताना पात्याने शिवण कापली आणि धार माझ्या तळहातात घुसली. चार टाके पडले.

हात बरा झाल्यावर ते म्यान मी रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकारांना दाखवले. त्यांनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, धारेला टेकायला जागाच ठेवली नाही तुम्ही.” धारेच्या बाजूला, दोन पदरांच्या मधे, चामड्याची तिसरी पट्टी घालायची असते. मग धार पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. चामडेही झाडाच्या सालीने कमावलेले हवे. ते ओले करून सुरीभोवती दाबले, की वाळल्यावर तोच आकार धरते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचे.

श्रोतेहो, त्या पट्टीने मला इतिहासाकडे वळवले. शिवकालीन अठरा कारखान्यांत शिलेखाना होता, म्हणजे शस्त्रांचे कोठार. पात्याला धार आणि झिलई देणारे शिकलगार होते, खोगिरे करणारे जिनगर होते. तलवारीचे म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या आणि त्यावर चढवलेले कातडे किंवा मखमल. गावगाड्यात लोहार आणि चांभार दोघेही बलुतेदार. एकाच्या हातात लोखंड, दुसऱ्याच्या हातात चामडे. दोघांवाचून गावाचे चालत नसे.

पुढे 1818 मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पेशवाई संपली. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यावर बंधने आली. तलवारींना झिलई देणाऱ्यांवर विळ्या-कात्र्यांना धार लावत फिरण्याची पाळी आली. आजच्या नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. त्यातून घरगुती आणि शेतीची अवजारे वगळलेली आहेत. मी आपला स्वयंपाकघराच्या सुऱ्यांपलीकडे जात नाही.

संग्रहालयात आपण तलवार पाहतो. ती कोणत्या सरदाराची, हे पाटीवर वाचतो. पाते गंजले तरी शतकानुशतके टिकते. चामडे मात्र कुजते, त्याला कसर लागते. म्यान गेले, की ते शिवणाऱ्याची शेवटची खूणही जाते. लोहाराचे नावही क्वचितच उरते, पण त्याचे काम तरी उरते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. लोखंड आणि चामडे ही दोन्ही कामे आज माझ्या एकाच बाकावर होतात. चामड्याला हात लावला म्हणून मला कोणी दूर सारत नाही. उलट शेजारी कौतुकाने गच्चीवर पाहायला येतात. ज्यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना मात्र त्याच कामापायी गावाने वेशीबाहेर ठेवले. माझा छंद ही त्यांची शिक्षा होती.

आता सुरी कोणाला भेट दिली, की मी आधी म्यान उलगडून आतली ती पट्टी दाखवतो. आणि ही युक्ती माझी नाही, हे आवर्जून सांगतो.