पिचरचे भारनियोजन (बेसबॉल)

पिचरचा (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) खांदा व कोपर दुखावू नये म्हणून त्याचे चेंडू, डाव आणि विश्रांतीचे दिवस आखून देण्याची पद्धत. प्रत्येक वेगवान फेकीत कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. त्यामुळे अमेरिकेतील मेजर लीगमध्ये सुरुवातीचा पिचर साधारणतः पाच दिवसांतून एकदा उतरतो आणि शंभरेक चेंडूंनंतर थांबतो. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे वॉशिंग्टन नॅशनल्स संघाचा पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग. त्याच्या कोपरावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. म्हणून २०१२ मध्ये सुमारे १५९ डावांनंतर, बादफेरीच्या तोंडावर, नॅशनल्सने त्याला थांबवले. ९८ सामने जिंकलेला हा संघ त्याच्याविना बादफेरीच्या पहिल्याच मालिकेत सेंट लुईस कार्डिनल्सकडून हरला आणि मोठा वाद पेटला. २०१९ च्या जागतिक मालिकेत स्ट्रासबर्ग सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र पुढे दुखापतींनीच त्याची कारकीर्द संपवली. नियोजनाने धोका कमी होतो, टळत नाही. तरीही खेळाडूचा हात जपणे हे संघाचे कर्तव्यच आहे.