घरचे गाणे आणि घरचा कॉम्प्युटर

बडोद्याच्या मराठी घरांतून गाणे कधी गेले नाही. पेटी-तबला काढून बसणारी मंडळी अजून आहेत. ते गाणे वेळेवर टिपून ठेवायचे मात्र राहून गेले. यंदा मंडळातल्या ज्येष्ठांची पदे ध्वनिमुद्रित करण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचे ठरले आणि कोणता घ्यावा यावर तीन बैठका झाल्या. त्या निमित्ताने या यंत्राचा इतिहास आम्ही चाळला.

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्यास आले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गवयाने ख्याल तेवढ्यात आवरायचा. यंत्राने गाण्याला घातलेले हे पहिले माप.

संगीतासाठी कॉम्प्युटर घरात आला तो युरोप-अमेरिकेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये मिडी ही सामाईक पद्धत आली. १९८५ मध्ये अटारी कंपनीने आपल्या ५२० एसटी या मशीनला मिडीची जोडणी कारखान्यातच बसवून दिली. इतर मशीनांना सहसा त्यासाठी वेगळे खोके घ्यावे लागे. एवढ्याशा कारणाने तिकडच्या घरगुती स्टुडिओंत अटारीने ठाण मांडले. क्यूबेस हे पुढे गाजलेले सॉफ्टवेअर १९८९ मध्ये प्रथम त्यावरच आले. पण गंमत अशी, की मिडीला ऐकूच येत नाही. कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली, असल्या सूचनाच ती टिपते. आपल्या पेटीला मिडी नाही, तबल्याला नाही आणि गळ्याला तर नाहीच. मींड कुठल्या पट्टीत बसवणार? त्या दशकात आपल्या घरांत कॅसेटच राहिली, आणि ते योग्यच झाले.

खरा आवाज टिपायचा तर जागा फार लागते. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट आणि स्टिरिओ, एका मिनिटाला सुमारे १० एमबी. अर्ध्या तासाच्या बड्या ख्यालाला ३०० एमबी. १९९५ च्या सुमारास घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क त्याच्या दुप्पट-तिप्पट असे. तबकडीचे माप वेष बदलून परत आले होते!

पुढे जागा स्वस्त झाली. तेव्हा मंडळातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर घेतल्या. दोन चुका झाल्या. मशीनचा घरघरता पंखा मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर होता. आणि ओव्या ठेवल्या त्या एका सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलींत. ते सॉफ्टवेअर पुढे बंद पडले. त्या फाइली आज कशातच उघडत नाहीत. साध्या वेव्ह फाइलीत काढलेल्या दोनच ओव्या उरल्या, पंख्याच्या घरघरीसकट. आजी आता नाहीत.

म्हणून यंदा प्रोसेसरवर वाद घालणाऱ्या तरुणांना आम्ही थांबवले. एक गळा, एक पेटी, एक तबला एवढ्याला आजचे कुठलेही साधारण मशीन पुरते. पंख्याविना चालणारा लॅपटॉप घेतला, दोन मायक्रोफोन जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस घेतला, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवायला दोन हार्ड डिस्क. फाइल वेव्हच. मशीनवर वाचलेले पैसे मायक्रोफोनांवर घातले. खजिनदारांना हे अजून पटलेले नाही.

विसर्जनानंतरच्या रविवारी पहिले ध्वनिमुद्रण आहे. छताचे पंखे बंद राहतील. पातळ कपडे घालून यावे.