शेवटच्या कडव्यातलं नाव: वऱ्हाडातलं गाणं आणि मधला माणूस

मागच्या आठवड्यात दर्यापूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. भजनी मंडळात खंजिरी वाजवतो, गाणी स्वतः लिहितो. म्हणाला, "भाऊ, अकोल्याच्या स्टुडिओत गानं रेकॉर्ड केलं. आता स्पॉटिफायवर टाकाचं हाये. कोनत्या कंपनीतून टाकू?"

दोन नावं सांगून फोन ठेवता आला असता. पण मला त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मामांची कॅसेट आठवली. नव्वदच्या दशकात एका कंपनीनं मंडळाला एकरकमी पैसे दिले, कागदावर सह्या घेतल्या. कॅसेट जत्रेत विकली गेली. पुढे तीच भजनं यूट्यूबवर आली, तेव्हा मामांच्या नावाच्या जागी "पारंपरिक" एवढंच लिहिलेलं होतं. मामा म्हणतात, "आवाज माहाच हाये, पन मालक दुसराच." म्हणून आजचा भाग त्या मधल्या माणसाच्या इतिहासावर.

आपल्याकडे कवीचं नाव जपायची जुनी रीत आहे. अभंगाच्या शेवटी तुकोबा आपलं नाव गुंफतात. मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीवर भजनं गाणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज "तुकड्यादास" म्हणतात. भीमगीतांत वामनदादा कर्डकांचा "वामन" येतो. गाणं तोंडोतोंडी कुठंही जावो, नाव त्याच्यासोबत जाणार. हीच नाममुद्रा.

मग यंत्र आलं. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचा आवाज तबकडीवर घेतला. तेव्हापासून गाणारा आणि ऐकणारा यांच्यात कंपनी उभी राहिली. तबकडीचा कारखाना काही गावातल्या माणसाला काढता येत नव्हता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. भजन, भीमगीत, लोकगीत, सगळं टेपवर आलं. दीक्षाभूमीबाहेरच्या दुकानांतून घेतलेल्या कॅसेट वऱ्हाडातल्या घराघरांत वाजल्या. गाणं गावात पोचलं, पण हक्क गावात राहिला नाही.

याचं कारण कायद्यात आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा मालक मानला तो निर्माता, म्हणजे ज्यानं रेकॉर्डिंग करवून घेतलं तो. गाणाऱ्याला स्वतःचा असा हक्क मिळाला तो थेट 1994 च्या दुरुस्तीत. म्हणजे मामांनी सही केली तेव्हा गायकाचा हक्क कायद्यातसुद्धा नवाकोरा होता. गावात तो कोण सांगणार?

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. 1939 मध्ये जोहान्सबर्गला सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं "म्बुबे" हे गाणं रेकॉर्ड केलं आणि हक्क अगदी किरकोळ रकमेत कंपनीला देऊन टाकले. तीच चाल पुढे "द लायन स्लीप्स टुनाइट" म्हणून जगभर गाजली, 1994 च्या "द लायन किंग" सिनेमातही वाजली. लिंडा 1962 मध्ये गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना तडजोडीतून न्याय मिळायला 2006 उजाडलं. म्हणून आज आफ्रिकेतला स्वतंत्र कलाकार वितरक निवडताना जे प्रश्न विचारतो, तेच दर्यापूरच्या पोरानं विचारले पाहिजेत.

वितरक म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिकवर पोचवणारी आणि तिथली कमाई आणून देणारी कंपनी. इथंही इतिहास कामाला येतो. 1998 मध्ये सुरू झालेली सीडी बेबी आधी खरोखरच सीडी विकायची. नंतर डिजिटलमध्ये तिची पद्धत अशी राहिली की एकदाच फी घ्यायची आणि कमाईतून 9 टक्के कापायचे. 2006 मध्ये आलेल्या ट्यूनकोअरनं उलटं केलं: वाटा नको, पण प्रत्येक अल्बमची फी दरवर्षी भरा. 2013 मध्ये डिस्ट्रोकिड आली, वर्षाला एक फी आणि हवी तितकी गाणी. पण इथं थांबून विचार करा. वार्षिक फी बंद झाली की गाणं सहसा खाली उतरतं. ते कायम ठेवायचे वेगळे पैसे असतात. सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी फी कोण भरणार? वर्षाला एकच गाणं काढणाऱ्या मंडळाला वाटा देणं परवडेल, महिन्याला चार काढणाऱ्याला वार्षिक फी.

आणि कमाईची घाई नको. 2024 पासून स्पॉटिफायवर गाणं 12 महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत.

शेवटी भावाला परत फोन लावला. म्हटलं, कंपनीचं नाव नंतर, आधी चार गोष्टी बघ. एक, करारात मास्टरची मालकी तुझीच आहे ना? दोन, सोडून जायचं ठरलं तर गाणं आणि त्याचा आयएसआरसी क्रमांक तुझ्यासोबत येतो का? म्हणजे जमलेला ऐकण्याचा आकडा शक्यतो टिकतो. तीन, गीतकार, संगीतकार, गायक हे रकाने पूर्ण भर, "पारंपरिक" लिहून मोकळा होऊ नको. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वितरक गोळा करतोच असं नाही, त्यासाठी आयपीआरएसमध्ये वेगळी नोंदणी लागते. चार, गाणं कोणाचं आहे? तुकोबांचा अभंग सगळ्यांचा. पण तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले आणि कवीनंतर हक्क 60 वर्षं राहतो, म्हणजे 2028 संपेपर्यंत त्यांच्या भजनाला परवानगी लागते. वामनदादा 2004 मध्ये गेले, तिथं तर अजून खूप वर्षं आहेत.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे मी दुसऱ्याचं नाव खाल्लं, तर मीबी त्या कॅसेटवाल्यासारखाच?" मी म्हटलं, हो रे भाऊ.

आता तो फॉर्म भरतोय. गीतकाराच्या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव लिहिलं आणि चालीपुढे वडिलांचं, कारण चाल मामांची आहे. मामांना त्यानं ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं म्हणे.

तुमच्या घरात अशी जुनी कॅसेट असेल, तर तिच्या वेष्टनावर कोणाचं नाव आहे ते आज जरूर बघा. भेटू पुढच्या भागात!