'नाईक' या तीन अक्षरांमागे

नाशिकहून पुण्याकडे जाताना सिन्नर मागे पडले की नांदूर शिंगोटे लागते. वाटसरूच्या लेखी ते रस्त्यावरचे एक गाव; परंतु याच गावापासून मैलभर अंतरावर, पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा जागी, १८५७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भागोजी नाईक यांनी सुमारे पन्नास भिल्ल साथीदारांसह ठाण मांडले होते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्यांना पकडण्यास आलेला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री येथे मारला गेला. पुढे दोन वर्षे हे नाव सरकारी कागदांत फिरत राहिले.

हे नाव शोधू पाहणारा अभ्यासक प्रथम चकतो तो जिल्ह्यापाशी. सिन्नर आज नाशिक जिल्ह्यात आहे, म्हणून तो नाशिकचे दप्तर मागतो. पण स्वतंत्र नाशिक जिल्हा अस्तित्वात आला तो १८६९ मध्ये. भागोजी नाईकांचे बंड झाले तेव्हा हा मुलूख अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अमलाखाली होता. त्यामुळे कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये हा वृत्तांत नाशिकच्या खंडात (१८८३) आहे, तसाच अहमदनगरच्या खंडातही (१८८४) आहे. माणूस एकच, सरहद्द मात्र त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या गावावरून सरकली.

दुसरी अडचण लिपीची. गॅझेटिअर दीर्घ 'आ'साठी अक्षरावर खूण देते, त्यामुळे 'भागोजी' आणि 'नाईक' यांचे उच्चार शाबूत राहतात. मात्र 'ट' आणि 'त' यांत ते भेद करीत नाही. मराठी न जाणणाऱ्याने 'शिंगोटे'चे 'शिंगोते' केले तर त्याला दोष देता येणार नाही. भागोजी नाईक जेथे पडले त्या गावाचे नाव तेथे 'मिठसागर' असे येते. वर्गात हा उतारा वाचून दाखविला तेव्हा सिन्नरकडच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस थांबविले आणि म्हटले, "सर, आमच्याकडे मिठसागरे म्हणतात." शेवटचा 'रे' इंग्रजी कागदात गळाला होता, तो आम्हांला त्या मुलाने परत दिला. ग्रामनामांच्या अभ्यासात बोलणाऱ्याची साक्ष कागदाइतकीच का मोलाची, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

गावांची नावे सांधत गेलो की बंडाचा नकाशा उभा राहतो. नांदूर शिंगोट्यानंतर त्याच महिन्यात समशेरपूरच्या डोंगरांत चकमक झाली. १८५९ च्या जुलैत संगमनेरच्या आग्नेयेस अंभोऱ्याच्या दऱ्यात भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला. ऑक्टोबरात कोऱ्हाळे लुटले गेले आणि ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागऱ्यास फ्रँक साउटर याच्या तुकडीशी लढताना भागोजी नाईकांचा अंत झाला. हा साउटर पुढे मुंबईचा पोलीस आयुक्त झाला.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. या भागात 'नाईकवाडी' किंवा 'भिलवाडी' असे नाव दिसले की ते भागोजींशी जोडण्याचा मोह होतो. 'नाईकवाडी' हे त्यांच्या पुष्कळ आधीपासूनचे पदनाम आहे. गढी-किल्ल्यांवरच्या शिबंदीशी त्याचा संबंध येतो. तसेच 'नांदूर' नावाची गावे अनेक आहेत. म्हणूनच त्यांना 'शिंगोटे', 'मध्यमेश्वर' अशी जोड द्यावी लागली. नावातील साम्य हा प्रश्नाचा आरंभ असतो. त्याला उत्तर समजू नये.

आमच्या मते खरा पुरावा त्यांच्या नावाच्या उत्तरार्धातच आहे. 'नाईक' हे भिल्ल, कोळी, रामोशी या समाजांत म्होरक्याचे पद. गावाची व घाटवाटांची राखण करणे आणि त्याबद्दल हक्क घेणे ही नाईकांची परंपरागत वृत्ती. गॅझेटिअरच सांगते की, भागोजी पूर्वी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगा करणे व पोलिसांना अडथळा आणणे यांबद्दल त्यांना शिक्षा झाली. सुटकेनंतर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ती मुदत सरते न सरते तोच सर्वांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि त्यांनी गाव सोडले. ज्याच्या पदाचा अर्थच राखणदार, त्याच्याकडून हत्यार मागितले गेले. बंडाच्या कारणांची चर्चा करताना हा क्रम नजरेआड करता येत नाही.

याच पदाचे दुसरे टोकही पाहावे. बंड मोडण्यासाठी १८५७ च्या डिसेंबरात कॅप्टन नटॉल याने कोळ्यांची पलटण उभारली. तिच्यातल्या देशी अंमलदारांत जावजी नाईक बांबळे हे नाव ठळक आहे. म्हणजे पाठलाग होणाराही नाईक आणि पाठलाग करणाराही नाईक. त्यांतला एक सरकारी कागदात 'टोळीचा म्होरक्या' झाला आणि दुसरा 'अंमलदार'. पद तेच राहिले. त्याला जोडलेले विशेषण कोणाच्या बाजूस उभे राहिले यावरून ठरले.

उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशने त्यांचे चरित्र असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. भागोजींच्या वाट्याला गॅझेटिअरची थोडी पाने आली, तीही त्यांचा पाठलाग करणाऱ्या सत्तेने लिहिलेली. त्या पानांत हेन्रीचा मृत्यू आहे, साउटरचा विजय आहे. भागोजींचा स्वतःचा एकही शब्द नाही. आज सिन्नर परिसरात त्यांचे नाव 'क्रांतिवीर' या विशेषणासह घेतले जाते. हा शब्दही नंतरचा आहे, जसा 'दरोडेखोर' हा शब्द परका आहे. दोन्ही बाजूला ठेवून अभ्यासकाने हाती काय उरते ते पाहावे. एक नाव, एक पद आणि पाच-सहा गावे उरतात. त्या गावांतून चालत गेल्यास मिठसागऱ्याच्या 'रे'सारखी आणखी काही गळालेली अक्षरे सापडतील, अशी आमची खात्री आहे.