खर्जाची जागा

इटियाडोहचा सांडवा भर पावसाळ्यात वाहू लागला की त्याचा गंभीर घोष टेकडीआडच्या वाटेवरही ऐकू येतो. त्याच पाण्याकाठी कोणी मारलेली हाक मात्र तेथवर पोहोचत नाही. गाढवी नदीवरील हे धरण १९७० साली पुरे झाले आणि तो घोष मी लहानपणापासून ऐकत आलो. खर्जाच्या नादलहरी लांब असतात व अडथळ्याला सहज वळसा घालतात, हे त्याचे कारण होय. याच लांब लहरी चार भिंतींत कोंडल्या म्हणजे काय होते, आणि ते मनुष्याला कसकसे उमगत गेले, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

या विषयाकडे मला वळविले ते एका जुन्या ध्वनिफितीने. माझे दिवंगत वडील बंधू झाडीपट्टीच्या नाटकांत तबल्याची साथ करीत. त्यांच्या वादनाची एकच फीत घरात उरली आहे. चिरंजीवांनी ती नव्या यंत्रावर उतरवून घेतली आणि खर्जासाठी ‘सबवूफर’ म्हणतात ती स्वतंत्र पेटी बैठकीत आणून ठेवली. फीत लागली, उजव्या हाताचे बोल स्वच्छ उमटले, पण डग्गा जवळजवळ मुका! फीतच झिजली, बंधूंचा डावा हात आता कायमचा गेला, असे समजून मी खिन्न झालो. पुढे पुस्तके चाळू लागलो, तेव्हा दोष निराळाच दिसू लागला.

१८६६ साली कुंट या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत बारीक पूड पसरून नाद उत्पन्न केला, तेव्हा पुडीच्या ठराविक अंतरावर राशी पडल्या. जाणारी व परतणारी लहर एकमेकींत मिसळली म्हणजे काही जागी जोर वाढतो, काही जागी तो लोपतो, हे त्यावरून डोळ्यांना दिसले. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड येथील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द घुमून अस्पष्ट होत, तेव्हा सेबाइन या तरुण अध्यापकाने नाट्यगृहातील गाद्या आणून, त्या कमीअधिक करून, नाद किती वेळ रेंगाळतो ते मोजले. त्या परिश्रमाचे फळ म्हणजे १९०० साली उघडलेले बोस्टनचे संगीतगृह होय. आपल्याकडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली मृदंग व तबला यांच्या सुरेलपणाचे मर्म शाईच्या लेपात आहे हे दाखविले, आणि पुढे विजापूरच्या गोलघुमटातील नादाचाही अभ्यास केला. वाद्य आणि वास्तू हे दोन्ही मिळूनच नाद सिद्ध होतो, हा या सर्वांतून निघणारा बोध होय.

आता आमच्या बैठकीचे गणित पाहा. तिची लांबी १५ फूट. नादाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर सेकंदाला ३७-३८ कंपनांच्या नादाची अर्धी लहर या लांबीत नेमकी मावते. त्याच्या दुप्पट, म्हणजे ७५ कंपनांची एक पुरी लहर मावते. भिंतीपाशी या लहरींचा दाब सर्वांत अधिक असतो. ७५ कंपनांचा जोर खोलीच्या लांबीच्या पाव अंतरावर लोपतो. आमची पेटी नेमकी तेथेच, खिडकीखाली होती. झोक्याला जेथून रेटा लागत नाही तेथूनच ढकलत बसण्यापैकी हा प्रकार!

मग पेटी कोपऱ्यात सरकविली. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली कंपनी काढून विकलेला कर्णा कोपऱ्यासाठीच योजला होता. भिंती त्याचे तोंड वाढवीत. आमच्या पेटीने मात्र कोपऱ्यात गेल्यावर सारी खोली घुमवून सोडली. डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळले.

अखेर उपयोगी पडला तो १८६० साली हेल्महोल्ट्झ यांनी मांडलेला एक सिद्धांत. नाद करणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या, तरी मधला परिणाम तोच राहतो. म्हणून पेटी माझ्या खुर्चीवर ठेवली, फीत लावली आणि मी स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर सरकत कान देत चाललो. या वयात ते शोभले नसेल! एके ठिकाणी खर्ज पोकळ, दुसरीकडे फुगलेला. कोपऱ्यापासून सुमारे दोन फुटांवर मात्र बोल सुटे व भरीव ऐकू आले. पेटी तेथे नेली, मी खुर्चीवर बसलो.

फीत झिजलेली नव्हती. वहिनींना बोलावून तीच फीत पुन्हा लावली. त्या काही बोलल्या नाहीत. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला त्यांचे बोट मात्र मांडीवर पडत होते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरी पेटीचा खर्ज रुचत नसेल, तर नवी पेटी घेण्यापूर्वी आहे तीच चार हात सरकवून पाहावी, अथवा आपली खुर्चीच थोडी हलवावी. यास पैसा लागत नाही. एखादी दुपार आणि शांत चित्त एवढेच लागते.