मौनाचे चित्रण

प्रार्थनेचे चित्रण करता येते काय? मौनव्रतात आयुष्य वेचणाऱ्या माणसांसमोर कॅमेरा उभा केला, तर त्यांचे मौन अभंग राहील काय? फिलिप ग्रोनिंग ह्या तरुण जर्मन दिग्दर्शकाने १९८४ साली कार्थुसियन मठवासीयांपुढे आपली इच्छा मांडली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर मिळावयास १६ वर्षे लागली. ती कथा आम्हांला येथे सांगावयाची आहे. परंतु तिचे मोल कळण्यासाठी जर्मन अनुबोधपटाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

जर्मनीत ह्या कलेची परंपरा जुनी आहे. ‘ऊफा’ ह्या मोठ्या चित्रपटसंस्थेने १९१८ मध्येच ‘कुल्टुरफिल्म’ म्हणजे संस्कृतिपटांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. निसर्ग, विज्ञान, कला असे विषय लोकांपुढे यावेत, हा त्यामागील हेतू. पुढे नाझी राजवटीने पडद्याची ही शक्ती ओळखली आणि ती आपल्या दावणीला बांधली. १९३४ च्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर लेनी रीफेनश्टाल ह्यांनी केलेला पट १९३५ मध्ये झळकला. युद्धकाळात तर दर आठवड्याचा वार्तापट खड्या आवाजात जनतेला काय पाहावे आणि काय मानावे, हे बजावू लागला. ज्या कलेने डोळे उघडावयाचे, तीच डोळ्यांवर पट्टी बांधू लागली.

ह्या वारशाचे ओझे पुढच्या पिढीला वाहावे लागले. २८ फेब्रुवारी १९६२ रोजी ओबरहाउझेन येथील लघुपट महोत्सवात २६ तरुण चित्रपटकारांनी एक जाहीरनामा वाचून दाखविला. चित्रपटधंद्याच्या ठरावीक रूढींपासून आणि हितसंबंधी गटांच्या दडपणापासून त्यांना मुक्तता हवी होती. त्यानंतरच्या काळात एकेका माणसाच्या ध्यासाकडे वळणारे पट निघू लागले. वेर्नर हेरझोग ह्यांनी १९७४ मध्ये वाल्टर श्टायनर ह्या स्विस काष्ठशिल्पकारावर पट केला. हा मनुष्य लाकूड कोरीत असे आणि बर्फावरून उंच झेप घेण्याच्या क्रीडेतही अग्रेसर होता. त्या झेपेतील आनंद आणि भय हेरझोग ह्यांनी टिपले.

ग्रोनिंग ह्यांचा ध्यास मात्र मौनाचा होता. फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराजवळच्या डोंगरांत ग्रांद शार्त्रझ हा कार्थुसियन संघाचा मूळ मठ आहे. त्याची स्थापना १०८४ साली संत ब्रूनो ह्यांनी आपल्या सहा सोबत्यांसह केली. ब्रूनो मूळचे ऱ्हाइनकाठच्या कोलोन नगरीचे. ग्रोनिंग ह्यांचा जन्मही त्याच नदीकाठच्या ड्युसेलडोर्फचा. हिमस्खलन, आगी आणि १९०३ मधील हद्दपारी सोसूनही ह्या संघाने आपली जीवनरीत सोडली नाही. नऊशे वर्षे एकाच रीतीने जगणाऱ्यांना उत्तर देण्याची घाई कशाला असेल? त्यांनी विचार करण्यास अवधी मागितला. १६ वर्षांनी मठाने स्वतःहून कळविले, की आता येण्यास हरकत नाही.

ग्रोनिंग एकटेच गेले. २००२ आणि २००३ मध्ये मिळून सुमारे सहा महिने ते मठात राहिले. सोबत साहाय्यक नाहीत, कृत्रिम प्रकाश नाही. चित्रण आणि ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतःच केले. पुढील सुमारे अडीच वर्षे संकलनात गेली. तयार झालेल्या पटात निवेदन नाही की वरून जोडलेले संगीत नाही. घंटेचा नाद, लाकडी फरशीवरील पावले, पागोळ्यांचे थेंब आणि रात्रीच्या अंधारातील स्तोत्रगायन एवढेच कानी पडते. आपण अशा पटाला माहितीपट म्हणतो खरे, पण ह्यात माहिती जवळजवळ नाहीच.

तरीही किती पाहावयास मिळते! एक आफ्रिकी तरुण संघात प्रवेश घेतो. वृद्ध बंधू कापड बेततो. एरवी मौन पाळणारे हेच व्रतस्थ फिरावयास निघाले, की मोकळेपणी बोलतात आणि बर्फाच्या उतारावरून घसरताना लहान मुलांसारखे हसतात. अखेरीस एक अंध, वयोवृद्ध मठवासी बोलतो. आपले अंधत्वही आपल्या आत्म्याच्या कल्याणासाठीच आहे, असे तो शांतपणे सांगतो. त्याच्या मुद्रेवरील समाधान पाहिल्यावर निवेदकाची उणीव भासत नाही.

‘डी ग्रोसे श्टिले’ म्हणजे ‘महान शांतता’ हा पट २००५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. जवळजवळ पावणेतीन तासांच्या ह्या निःशब्द पटाला जर्मनीच्या चित्रपटगृहांत प्रेक्षक मिळाले. २००६ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक लाभले आणि त्याच वर्षी तो युरोपातील सर्वोत्कृष्ट अनुबोधपट ठरला.

ज्या देशाच्या पडद्याने एके काळी लोकांवर हुकमी आवाज लादला, त्याच देशाच्या एका कलावंताने सत्तर वर्षांनी आपला आवाज पूर्णपणे मागे घेतला आणि प्रेक्षकाला स्वतः पाहावयास, ऐकावयास मोकळे सोडले. कलावंताचे स्वातंत्र्य आम्ही बहुधा मनाजोगते बोलण्यात मोजतो. थांबणे आणि गप्प राहणे हेही त्याच स्वातंत्र्याचे अंग आहे, हे आम्हांला ह्या पटाने शिकविले. एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. त्यानंतरची ती मंद झुळूक ऐकू यावी, एवढी शांतता आपल्या घरांत उरली आहे काय?